जुन्या मॉडेल रेल्वे संग्रहांचे मूल्यनिर्धारण : ब्रिटनमधील ऑनलाइन बाजाराच्या संदर्भात

प्रस्तावना

मूल्य आणि किंमत यांतील भेद वाणिज्य व अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्याच वर्षी शिकविला जातो. सोने, जमीन, समभाग यांच्या उदाहरणांनी तो विद्यार्थ्यांना समजतोही. परंतु ज्या वस्तूला ठरलेला बाजारभाव नाही, जिचे उत्पादन थांबून अर्धशतक लोटले आहे आणि जिची पारख मोजक्याच लोकांना आहे, अशा वस्तूचे मूल्य कशाच्या आधारे ठरवावे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. ब्रिटनमधील जुन्या मॉडेल रेल्वेंचा बाजार हे या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत तेथे ज्यांचे बालपण गेले, त्या पिढीतील अनेकांनी आगगाड्यांच्या लहान प्रतिकृती हौसेने जमविल्या व आयुष्यभर सांभाळल्या. ही पिढी आता वृद्धापकाळात आहे. संग्राहकाच्या निधनानंतर पोटमाळ्यावरची खोकी पत्नीच्या किंवा मुलांच्या ताब्यात येतात आणि ईबेसारख्या लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रीस निघतात. विकणाऱ्याला खोक्यात काय आहे हे ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला ते हाताळून पाहता येत नाही. काही वारस मोलाची वस्तू कवडीमोलाने देऊन बसतात, तर काही जण घरात खजिना आहे अशा समजुतीने वर्षानुवर्षे अवास्तव किंमत लावून बसतात. दोन्ही प्रकारांचे मूळ एकच आहे : संग्राहकाच्या डोक्यातील माहिती त्याच्याबरोबर जाते आणि मागे नुसत्या वस्तू उरतात. अशा संग्रहाचे मूल्य कोणत्या पुराव्यांवर ठरविता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नाव एक, वस्तू अनेक

विक्रीच्या वर्णनात 'जुना हॉर्नबी संच' एवढेच लिहिलेले असते, तेव्हा त्यातून फारसा बोध होत नाही. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1920 मध्ये हॉर्नबी या नावाने पत्र्याच्या, किल्लीवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. 1938 मध्ये तिने 'हॉर्नबी डब्लो' ही लहान मापाची मालिका सुरू केली. 1964 मध्ये मेकॅनो कंपनी ट्राय-अँग खेळण्यांचे उत्पादक लाइन्स ब्रदर्स यांच्याकडे गेली आणि दोन प्रतिस्पर्धी नावे जोडली जाऊन 'ट्राय-अँग हॉर्नबी' हे नाव आले. 1971 मध्ये लाइन्स ब्रदर्सचा डोलारा कोसळला, तरी हॉर्नबी हे नाव टिकले. दरम्यान डब्लोचे कित्येक साचे रेन या कंपनीकडे गेले होते. तिने त्याच साच्यांतून 1990 च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत इंजिने काढली. पुढे हॉर्नबीचे उत्पादन चीनमध्ये हलले. म्हणजे एकाच नावाखाली 1938 चे, 1958 चे आणि 2008 चे इंजिन असू शकते, आणि एकाच साच्यातले इंजिन दोन वेगळ्या नावांनी दोन वेगळ्या भावांना विकले जाते. मूल्यनिर्धारणाची पहिली पायरी म्हणून नावापेक्षा कालखंड व साचा ओळखणे आवश्यक ठरते.

मापाचा घोटाळा याहून अधिक आहे. ब्रिटनमधील सर्वाधिक प्रचलित माप ओओ हे असून त्यात प्रतिकृती मूळ वस्तूच्या सुमारे 1/76 असते. युरोप व अमेरिकेतील एचओ हे माप 1/87 आहे. दोन्हींचा रूळ मात्र एकाच रुंदीचा, म्हणजे 16.5 मिलिमीटरचा असतो. त्यामुळे एकाचे डबे दुसऱ्याच्या रुळावर सहज धावतात आणि अनभिज्ञ विक्रेता दोन्ही मापे एकत्र लिहून मोकळा होतो. शेजारी उभे केल्यावरच एक डबा दुसऱ्यापुढे खुजा दिसतो. डब्लोच्या बाबतीत आणखी एक बाब तपासावी लागते. ही मालिका आरंभी तीन रुळांची होती आणि मधला रूळ वीज पुरवीत असे. दोन रुळांची पद्धत तिने 1959 मध्ये स्वीकारली. तीन रुळांच्या इंजिनाची दोन्ही बाजूंची चाके धातूच्या आसाने विद्युतदृष्ट्या जोडलेली असतात. ते दोन रुळांवर ठेवल्यास मंडल लघुपथित होते. साहजिकच अशा इंजिनाचे गिऱ्हाईक वेगळे आणि संख्येने कमी असते. छायाचित्रात रुळांचा तुकडा दिसत असेल, तर इंजिनाआधी त्याच्याकडे पाहावे असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

स्थितीचे परीक्षण

वस्तू ओळखल्यानंतर तिची स्थिती पाहावयाची. येथे रसायनशास्त्राचा संबंध येतो. इंजिनाचे सांगाडे व वजने पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. ओतकामाच्या वेळी त्यात शिशासारखी अशुद्धी शिरली, तर धातूच्या कणांच्या सीमांवर आतून क्षरण सुरू होते. सांगाडा फुगतो, वाकतो, त्याला तडे जातात आणि अखेर त्याचा भुगा होतो. यावर उपाय नाही. वस्तू कितीही जपून ठेवली तरी ही प्रक्रिया थांबत नाही, कारण दोष बाहेरच्या हवेत नसून ओतलेल्या धातूतच असतो. युद्धपूर्व मालात हा दोष वारंवार आढळतो, परंतु 2000 नंतर तयार झालेल्या काही मॉडेलांतही तो दिसून आला आहे. म्हणून 'खोक्यातून कधीच बाहेर काढलेले नाही' हे वाक्य गुणवाचक मानावे की नाही, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. न उघडलेल्या खोक्यात काय घडले आहे, हे कोणीच पाहिलेले नसते.

इतर दोष तुलनेने सौम्य असतात. जुन्या मोटारींचे चुंबक क्षीण होतात, पण ते पुन्हा चुंबकित करता येतात. घट्ट झालेले वंगण साफ करता येते, ब्रश बदलता येतात. तुटलेली शिडी, हरवलेला जोड, नव्याने दिलेला रंग यांचा परिणाम मात्र कायमचा असतो. मूळ रंग खरचटलेला असला, तरी पुन्हा रंगविलेल्या इंजिनापेक्षा संग्राहक त्याला अधिक पसंती देतात. खेळण्यासाठी घेणाऱ्याचा कल याच्या उलट असू शकतो. मूळ खोक्याचे महत्त्व बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल, पण डब्लो किंवा रेन यांच्या बाबतीत पुठ्ठ्याचे योग्य खोके किमतीत लक्षणीय भर घालते. याच कारणाने नव्याने छापलेली खोकी स्वतंत्रपणे विकली जातात. ती तशी सांगून विकण्यात गैर काही नाही. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या हाताला ती 'मूळ' होऊन बसतात.

विक्रेत्याच्या मौनाचा अर्थ

'चालवून पाहिलेले नाही' हे शब्द अशा विक्रीत पदोपदी भेटतात. त्यांचा अर्थ लावण्यासाठी जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये मांडलेला युक्तिवाद उपयोगी पडतो. जुन्या मोटारगाड्यांच्या बाजारात विक्रेत्याला गाडीचे दोष माहीत असतात, ग्राहकाला नसतात. ग्राहक मग सर्वच गाड्यांना सरासरी भाव देऊ लागतो आणि त्या भावात परवडत नसल्याने चांगल्या गाड्या बाजारातून बाहेर पडतात, असे अकरलॉफ यांनी दाखवून दिले. माहितीच्या विषमतेवरील या कार्यासाठी त्यांना 2001 चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाला.

मॉडेल रेल्वेच्या बाजारात हा सिद्धान्त जसाच्या तसा लागू करता येत नाही. धंदेवाईक विक्रेता 'चालवून पाहिलेले नाही' असे लिहितो, तेव्हा अकरलॉफ यांचे विवेचन चपखल बसते. इंजिन तपासण्यास लागणारा रुळाचा तुकडा व नियंत्रक त्याच्याजवळ असणारच, त्यामुळे हे मौन हीच एक माहिती होय. मृत संग्राहकाच्या कन्येने तेच शब्द लिहिले, तर ते अक्षरशः खरे असण्याचा संभव आहे. तिला नियंत्रक कोणता हेही ठाऊक नसेल. पण बोली लावणारा या दोघांत भेद करू शकत नाही आणि दोघांनाही सारखाच कमी भाव देतो. प्रामाणिक अज्ञानाचा भुर्दंड तिला सोसावा लागतो. एखाद्या जाणकार शेजाऱ्याला बोलावून इंजिने रुळावर चालविली आणि त्याची चित्रफीत जोडली, तर अर्ध्या दिवसाच्या श्रमात हा भुर्दंड बराचसा टळू शकतो.

अलीकडच्या मालासंबंधी एक सूक्ष्म फरकही नोंदविला पाहिजे. 1990 च्या दशकात डिजिटल नियंत्रणाची सामायिक मानके आल्यानंतर पुष्कळ इंजिनांवर 'डीसीसी रेडी' असे छापले जाऊ लागले. त्याचा अर्थ डिकोडर बसविण्याची सोय आहे एवढाच. डिकोडर आत असतोच असे नाही. 'डीसीसी फिटेड' म्हणजे तो बसविलेला आहे. विक्रेते या दोन संज्ञांची गल्लत करतात आणि भावाची तुलना तेथेच चुकते.

भावाचा पुरावा

संकेतस्थळावर मागितलेली किंमत हा पुरावा नव्हे, ती केवळ इच्छा असते. झालेल्या विक्रीची यादी स्वतंत्रपणे पाहता येते आणि तीच ग्राह्य धरावी. तीही डोळे झाकून नव्हे. विक्रेत्याने घासाघीस मान्य करून कमी पैसे घेतले असल्यास यादीत मूळ मागणी खोडलेल्या रूपात दिसते, प्रत्यक्ष रक्कम दिसत नाही. ब्रिटनमध्ये ईबेने ऑक्टोबर 2024 मध्ये खासगी विक्रेत्यांवरील विक्रीशुल्क काढले आणि फेब्रुवारी 2025 पासून अशा विक्रीत खरेदीदाराकडून संरक्षण-शुल्क घेण्यास प्रारंभ केला. त्यामुळे बदलापूर्वीचा भाव व नंतरचा भाव शेजारी ठेवताना कोणाच्या खिशातून किती गेले, हे तपासणे भाग आहे.

लिलावातील एका उंच आकड्यावरही भिस्त ठेवता येत नाही. ईबेची स्वयंचलित बोली विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये विवेचिलेल्या दुसऱ्या-बोलीच्या लिलावाशी मिळतीजुळती आहे : जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून थोडी अधिक रक्कम भरतो. अर्थात उंच भाव येण्यास एकाच वेळी दोन आग्रही ग्राहक असावे लागतात. त्यांपैकी एकाने आपले इंजिन मिळविले की पुढच्या आठवड्यात तोच भाव येईल याची शाश्वती नसते. त्यात मिश्र ढिगाऱ्यावर बोली लावताना ज्याचा अंदाज सर्वांत अवाजवी तोच जिंकतो. 1971 मध्ये तेलक्षेत्रांच्या लिलावांसंबंधी केपन, क्लॅप व कॅम्बेल या अभियंत्यांनी हेच निदर्शनास आणले होते आणि पुढे त्याला 'विजेत्याचा शाप' हे नाव पडले. म्हणून पाच-सहा समान विक्रींचा मध्यक घेणे हे कमाल आकडा घेण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

अखंड संग्रह की सुटी विक्री

वारसांची सर्वाधिक नाराजी व्यापाऱ्याच्या उक्त्या भावावर असते. 'त्याने निम्म्यात लुबाडले' अशी तक्रार सर्रास केली जाते. एका काल्पनिक हिशेबाने तिची शहानिशा करता येईल. समजा, संग्रहात प्रत्येकी 50 पौंडांची 10 इंजिने, 12 पौंडांचे 20 डबे व 6 पौंडांच्या 40 वाघिणी आहेत. हे 980 पौंड झाले. रूळ व नियंत्रक यांचे 60 धरून सुट्या विक्रीची बेरीज 1040 पौंड होते. व्यापारी सर्व मिळून 500 देतो. फरक 540 पौंडांचा आहे. पण सत्तर वस्तू ओळखणे, तपासणे, छायाचित्रे काढणे, प्रश्नांना उत्तरे देणे, बांधणे व टपालात टाकणे यास प्रत्येकी 40 मिनिटे धरली, तरी सुमारे 47 तास लागतात. म्हणजे या श्रमाचा मोबदला तासाला साधारण साडेअकरा पौंड पडतो. ब्रिटनमध्ये 21 वर्षांवरील कामगाराचे एप्रिल 2025 पासूनचे किमान वेतन ताशी 12.21 पौंड होते. बांधणीचे साहित्य, टपालात मोडलेला माल आणि परत आलेली पार्सले या हिशेबात धरलेलीच नाहीत. या आकड्यांत व्यापारी लुबाडणारा ठरत नाही. त्याने श्रम व जोखीम विकत घेतली, इतकेच म्हणता येते. मात्र त्या दहा इंजिनांत एखादे 400 पौंडांचे निघाले, तर सारा हिशेब उलटतो. त्यामुळे दुर्मीळ अशा चार-पाच वस्तू वेगळ्या काढून स्वतंत्र विकाव्यात आणि उरलेले उक्ते द्यावे, हा मध्यम मार्ग व्यवहार्य दिसतो. ते चार-पाच नग ओळखण्यासाठी पुन्हा माहितीच लागते.

काही संग्रहांचे मूल्य मुळातच सुट्या भागांत उतरत नाही. पुण्यात कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय, जे 1998 मध्ये सुरू झाले, त्याचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. तेथील गाड्या, सिग्नल, पूल व वस्ती यांचा देखावा एकत्र चालतो म्हणून लोक तिकीट काढून पाहावयास येतात. हाच देखावा मोडून इंजिने विकली, तर रचनेवर खर्च झालेले श्रम भावात धरलेच जाणार नाहीत. ब्रिटनमधील घरगुती मांडणीच्या बाबतीतही हेच घडते. लाकडी चौकटीवर वर्षानुवर्षे उभारलेले डोंगर व स्थानके बहुधा फुकट द्यावी लागतात.

पिढीचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. संग्राहक बहुधा आपल्या बालपणीची गाडी शोधतो. 1950 च्या दशकातील मालाची ओढ असणारे ग्राहक घटत जातात, तसा त्यांचाच माल बाजारात वाढत जातो. शिवाय एखाद्या इंजिनाची नव्या साच्यातून अधिक तपशीलवार आवृत्ती निघाली की केवळ चालविण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या जुन्या आवृत्तीचा भाव उतरतो. 'मर्यादित आवृत्ती' असे प्रमाणपत्र सोबत असले, तरी मागणीच नसेल तर मर्यादेला अर्थ राहत नाही.

संग्राहकाची नोंदवही

वारसांच्या हाती बहुधा एकच कागद लागतो : विम्याचा. त्यावरील रक्कम वस्तू नव्याने मिळविण्यास लागणारा खर्च दर्शविते, विक्रीत हाती येणारी रक्कम नव्हे. पण कुटुंब तोच आकडा धरून बसते. याउलट उत्पादकाचा क्रमांक, खरेदीचे वर्ष व भाव, खोके मूळ की नवे, रंग मूळ की दिलेला, डिकोडर आहे की नाही, सांगाड्याला तडा दिसतो काय आणि इंजिन शेवटचे कधी चालविले, एवढ्या रकान्यांची साधी वही संग्राहकाने हयातीत ठेवली, तर ती खोक्यांइतकीच सांभाळून ठेवण्यासारखी असते. ज्या चार-पाच वस्तू उक्त्या ढिगात जाऊ नयेत, त्यांच्यापुढे त्याने एक खूण केली तरी पुरे.