धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात कुणाला मोठं दुखणं निघालं की गरीब माणूस आधी मंगळसूत्र गहाण टाकतो, मग गावाकडची गुंठाभर जमीन. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाचं दार ठोठावायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. महाराष्ट्रात बिलात सवलत मिळण्याची सोय कायद्यानं केलेली आहे. ती अडते ती बऱ्याचदा चुकीच्या ऐकीव माहितीपाशी.

‘मोफत उपचार ही रुग्णालयाची मेहेरबानी असते.’

अजिबात नाही. सार्वजनिक न्यासांनी चालवलेल्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये त्याखालची योजना ठरवून दिली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखून ठेवायच्या. म्हणजे दोनशे खाटांच्या रुग्णालयात वीस अधिक वीस.

पैसा कुठून येतो, हेही माहीत असायला हवं. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात जमा करावी लागते. स्पेशल रूममधल्या रुग्णाचं बिल एक लाख झालं, तर त्यामागे दोन हजार रुपये या खात्यात गेले पाहिजेत. तेव्हा काउंटरवर अर्ज देताना मान खाली घालायचं कारण नाही. तो पैसा राखीव खाटेवरच्या माणसासाठीच गोळा झालेला आहे.

एक मात्र लक्षात ठेवा: ही योजना न्यासाच्या रुग्णालयांना लागू आहे, प्रत्येक खासगी रुग्णालयाला नाही. बाहेरून दोन्ही सारखीच चकचकीत दिसतात, म्हणून आधी चौकशी करावी.

‘पिवळं रेशनकार्ड असेल तरच.’

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातला. महिना पंचवीस हजारांवर घर चालवणारा शिपाई किंवा दुकानातला कामगारही दुसऱ्या गटात बसतो, आणि नेमकी हीच माणसं ‘आपण काही एवढे गरीब नाही’ म्हणून विचारतच नाहीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड काढून ठेवा.

‘सवलत म्हणजे बिलातून थोडेफार कमी करतात.’

बिल कसं करायचं, हे योजनेत ठरलेलं आहे. खाट, परिचारिकांची सेवा, रुग्णालयाकडून मिळत असेल ते जेवण, चादरी, वीज, पाणी, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचे नाहीत. डॉक्टरांनी आपली फी सोडायची. उरलेल्या सेवा सर्वांत खालच्या वर्गाच्या दरानं. औषधं, स्टेंट, हाडात बसवायच्या पट्ट्या आणि स्क्रू यांची किंमत रुग्णालयानं ज्या भावानं माल घेतला तीच लावायची, छापील नव्हे. या दोन किमतींत केवढी तफावत असते, हे औषधांच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. एवढं करून जे बिल उरेल, ते निर्धन रुग्णाच्या बाबतीत निधीतून भागवायचं. दुर्बल घटकातल्या रुग्णानं औषधं आणि इम्प्लांटच्या बिलाचा निदान अर्धा भाग भरायचा.

‘डिपॉझिट भरल्याशिवाय हात लावणार नाहीत.’

तातडीच्या वेळी धर्मादाय रुग्णालयानं रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं, जीव वाचवण्यापुरते उपचार करायचे, आणि डिपॉझिट मागायचं नाही. २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर याच मुद्द्यावर राज्यभर संताप उसळला. नियम तेव्हाही होता.

‘आजार जनआरोग्य योजनेत बसत नाही, म्हणजे संपलं.’

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण फक्त यादीतल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांत. योजनेच्या आरोग्यमित्रानं ‘यादीत नाही’ म्हटलं, तर रुग्णालय न्यासाचं आहे का ते बघा आणि राखीव खाटेसाठी अर्ज करा. एक दार बंद झालं म्हणून दुसरं बंद होत नाही.

‘सरकारी दवाखान्यात सगळीकडे सारखंच.’

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. ससून, जे. जे. ही वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं. त्यांचे नियम वेगळे. बाळंतपणाला मात्र उत्पन्नाची अटच नाही: सरकारी रुग्णालयात सिझेरियनसुद्धा २०११ पासून विनाशुल्क आहे.

राहिला प्रश्न वेळेचा. बहुतेकांना सवलत आठवते ती डिस्चार्जच्या दिवशी, बिल हातात पडल्यावर. रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशीच वैद्यकीय समाजसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘खाट शिल्लक नाही’ असं उत्तर आलं, तर तेही लिहून मागा. रिकाम्या राखीव खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते. उत्तर पटलं नाही, तर तीच पोच जोडून जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा.