एकदांडीचे भाऊबंद

शेताच्या बांधावरून पळताना ठेच लागली, अंगठ्यातून भळाभळा रक्त यायला लागलं, की खेड्यातली मुलं काय करतात ते मला चांगलं ठाऊक आहे. इकडंतिकडं नजर टाकायची, एक खरखरीत पाला ओरबाडायचा, तळहातावर चोळायचा आणि त्याचा हिरवा रस जखमेवर पिळायचा. रस असा काही झोंबतो, की डोळ्यांत टचकन पाणी येतं. पण रक्त थांबतं. शहरातल्या मुलांना याचं नवल वाटेल. मात्र हा पाला त्यांनीही पाहिलेला असतो बरं का! शाळेच्या कुंपणाशी, रेल्वेच्या रुळांकडेला, अगदी भिंतीच्या भेगेतसुद्धा तो उगवतो.

याचं नाव काय? कुणी म्हणेल दगडीपाला, कुणी एकदांडी, कुणी कंबरमोडी, तर कुणी जखमजोडी. ही सगळी नावं एकाच झाडाची. पण खरी पंचाईत उलट बाजूनं होते. ‘जखमेचा पाला’ एवढं एकच नाव गावोगावी वेगवेगळ्या झाडांना देतात. एकदा मी वर्गात सांगितलं, ‘‘उद्या येताना जखमेवर लावायचा पाला घेऊन या.’’ दुसऱ्या दिवशी टेबलावर पाच तऱ्हेचा पाला जमला! चार खरोखरच जखमेवर लावतात ते. पाचवं होतं चक्क गाजर गवत. ते आणणाऱ्या पठ्ठ्याला मी आधी साबणानं हात धुवायला पिटाळलं.

गंमत म्हणजे हे पाचही एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या. या कुळाची खूण मोठी मजेदार आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो असतो लहान लहान फुलांचा मेळावा. सूर्यफुलाच्या मधल्या तबकडीतला एकेक ठिपका म्हणजे एकेक फूल, आणि काठावरची पिवळी पाकळी हेही एक स्वतंत्र फूलच. झेंडू, शेवंती, ॲस्टर ही सगळी याच घरातली मंडळी. झेंडूच्या पानांचा रसही जखमेवर लावतातच की!

आता आपली एकदांडी पाहा. झाड जमिनीसरशी पसरतं. त्यातून वीतभर उंच, बारीक दांडी वर येते आणि तिच्या टोकाला एकच फूल. म्हणून नाव एकदांडी. मधे पिवळी तबकडी, भोवती मोजक्याच पांढरट पाकळ्या. पाकळीचं टोक नीट पाहा, त्याला तीन दाते दिसतील. पानं समोरासमोर जोडीनं, काठ करवतीसारखा, दोन्ही बाजूंना राठ केस. फूल वाळलं, की केसाळ बियांचा गोंडा होतो. फुंकर घाला, बिया उडाल्याच!

माका तिचा पाणथळ भाऊ. ओढ्याच्या काठी, भाताच्या बांधावर, पाटाच्या कडेला तो हमखास भेटतो. पानं समोरासमोरच, पण लांबट आणि अरुंद. फूल अगदी चिमुकलं, मधेही पांढरं आणि कडेलाही पांढरं. बिया उडत नाहीत. पण माक्याची खरी ओळख त्याच्या रसात आहे. पान चोळा आणि थोडं थांबा. हिरवा रस काळपट पडू लागतो. म्हणूनच हा पाला केसांच्या तेलात पडला आणि गोंदणाऱ्या बायकांनीही त्याचा रस वापरला. आयुर्वेदात याला भृंगराज म्हणतात.

ओसाडी आणि रानमोडी ही जोडी कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या मुलांच्या ओळखीची. दोघांच्या फुलांना काठावरच्या पाकळ्या नसतातच, नुसते मऊ गोंडे. ओसाडीचे गोंडे निळसर-जांभळट आणि झाड गुडघ्या-कमरेएवढं. रानमोडी मात्र माणसापेक्षा उंच वाढते, सगळं रान गिळून बसते. तिच्या पानावर देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा दिसतात, त्रिशूळच जणू. पान चुरगळलं, की दोघींचाही उग्र वास येतो.

आणि आता पाचवा भाऊबंद, गाजर गवत. याला काँग्रेस गवत आणि चटकचांदणी असंही म्हणतात. १९५५ साली ते पुण्यात प्रथम नजरेत भरलं आणि तिथून देशभर पसरलं. परदेशातून आलेल्या धान्यातून ते आलं, असं सांगतात. याची फुलं लांबून साबुदाण्यासारखी दिसतात. पानं गाजराच्या पानांसारखी, खूप कातरलेली. आणि सगळ्यात पक्की खूण ऐका. आधीच्या चौघांची पानं समोरासमोर जोडीनं येतात. याच्या खोडावर ती एकाआड एक येतात, एक इकडं तर पुढचं तिकडं. फुलं नसली तरी ही खूण चालते.

याच्या अंगात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पहिल्यांदा हात लागला तर बहुधा काहीच होत नाही, आणि इथंच फसगत होते. पुन्हा पुन्हा संपर्क आला, की काहीजणांचं शरीर बिथरतं. कातडीवर पुरळ उठतं, खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते. पुढं जरासा स्पर्शही पुरतो. शेतात खुरपणाऱ्या कितीतरी माणसांना हा त्रास वर्षानुवर्षं छळतो. उघड्या जखमेवर हा पाला चोळायचा, म्हणजे विचारूच नका!

तुम्ही विचाराल, एकाच घरातले हे सगळे, मग एक औषध आणि एक उपद्रवी असं कसं? अहो, झाडाला पळता येत नाही. कीड आली, बुरशी आली, जनावरानं तोंड लावलं, तर त्याच्याजवळ शस्त्र एकच, अंगातली कडू-उग्र द्रव्यं. त्यांतली काही जंतूंना जड जातात, काही आपल्याला. कधी एकच द्रव्य दोघांनाही! त्या ओसाडीचंच बघा. पाला जखमेवर लावतात, पण इथिओपियात २००१ सालानंतर काही गावांमधली माणसं यकृताच्या आजारानं दगावली. शोध घेतल्यावर कळलं, की धान्यात ओसाडीचं बी मिसळलं जात होतं. तेव्हा ‘लावायचा पाला’ हा कधीही ‘खायचा पाला’ समजू नका.

एकदांडीच्या पानांच्या अर्कावर प्रयोगशाळांत पुष्कळ प्रयोग झाले आहेत. काचेच्या थाळीत काही जंतूंची वाढ त्यानं रोखली. उंदरांच्या जखमा लवकर भरल्याचंही काही प्रयोगांत दिसलं. पण तो अर्क स्वच्छ होता, मोजून घेतलेला होता. बांधावरच्या पानावर धूळ असते, शेणमाती असते, आणि त्याच मातीत धनुर्वाताचे जंतू दबा धरून बसलेले असतात. खिळा किंवा काटा खोल रुतला, तर हवा न पोचणाऱ्या त्या जागी ते वाढतात. तिथवर पाल्याचा रस काय पोचणार? म्हणून आधी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं जखम धुवायची, स्वच्छ फडकं दाबून धरायचं आणि मोठ्यांना सांगायचं. जखम खोल असेल, गंजक्या पत्र्याची असेल, तर सरळ दवाखाना गाठायचा. धनुर्वाताची लस १० व्या आणि १६ व्या वर्षी देतात. आपली झाली आहे का, हे आजच आईला विचारा.

म्हणजे आजीचं औषध खोटं का? छे! याच कुळातल्या एका दवण्याच्या जातीपासून चीनमधल्या तू यूयू यांनी मलेरियावरचं औषध शोधलं आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांना धागा सापडला तो शेकडो वर्षांपूर्वीच्या एका चिनी वैद्यकाच्या ग्रंथात. तो धागा घेऊन त्यांनी कितीतरी प्रयोग केले, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक मौज सांगते. या पाचांपैकी आपल्याकडचा जुना रहिवासी फक्त माका. बाकीची चौघं अमेरिका खंडातून आलेली! म्हणजे ज्या एकदांडीला आपण आजी-पणजीचं औषध म्हणतो, ती एके काळी इथं नव्हतीच. मग हा परका पाला पहिल्यांदा जखमेवर कुणी चोळून पाहिला असेल? एखाद्या गुराख्यानं? गवत कापताना विळा लागलेल्या बाईनं? त्या माणसाचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. मला मात्र त्याच्या नजरेचं फार कौतुक वाटतं.

पावसाळा सरता सरता ही सगळी मंडळी फुलावर येतात. एखाद्या रविवारी मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि बांधावर जा. गाजर गवताला हात लावायचा नाही, त्याची पानं एकाआड एक आहेत का ते लांबूनच पाहा. मग माक्याचं एक पान खुडा, पांढऱ्या कागदावर जोरात घासा, आणि घड्याळ लावून बसा. हिरवा डाग काळा पडायला किती मिनिटं लागतात, ते वहीत लिहून ठेवा. आणि हो, नंतर हात धुवायला विसरू नका!