कब्बन पार्कमधील वृक्षवीथी

बंगळूरच्या कब्बन पार्कचे एखादे जुने छायाचित्र पाहावे: सरळ रस्ता, दुतर्फा वृक्ष, मधूनच सांडलेले ऊन. ही शोभा आपोआप उगवलेली नव्हे. म्हैसूरचे मुख्य अभियंते रिचर्ड सँकी यांनी १८७० साली हे उद्यान आखले. पुढे १९०८ साली आलेल्या क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने एकामागून एक फुलणारे वृक्ष निवडून नगराच्या रस्त्यांना बारमाही बहर दिला. कृष्णधवल चित्रात तो रंग उतरत नाही. सावली मात्र उतरते. वृक्ष तोडण्यास एक दिवस पुरतो, सावली दाट होण्यास पिढी लागते. म्हणूनच अशा उद्यानांची भूमी राखण्यासाठी कर्नाटकाने १९७५ साली कायदा केला. मात्र कायद्याला नागरिकांच्या ममतेची जोड हवी.