पुढच्या वर्षीचे वय

आपल्या घरातील कोणी ज्येष्ठ व्यक्ती गेली दोन-तीन वर्षे नेमाने पहाटे चालायला जात असेल आणि हल्ली त्या चालण्यात मधूनमधून धावणेही मिसळू लागले असेल, तर एक दिवस आपल्यासमोर मोबाइल धरला जाईल आणि विचारले जाईल, “अगं, या मॅरेथॉनचा फॉर्म तेवढा भरून देतेस का?” तो फॉर्म भरण्याआधी हा लेख वाचावा, अशी विनंती आहे. फॉर्म भरू नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र नाव लागले नाही तर घरात काय घडते याची आम्हाला कल्पना नव्हती, ती आपल्याला असावी.

माझे वडील टपाल खात्यातून निवृत्त झाले. ७० व्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. रुग्णालयातून घरी आल्यावर पहिले काही आठवडे ते अंगणातसुद्धा आईचा हात धरून चालत. पुढे हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने दहा मिनिटे, पंधरा मिनिटे, अर्धा तास असे वाढवत वर्षभरात ते पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढू लागले. त्याच सुमारास चालण्याच्या गटातील कोणीतरी एका मोठ्या शहरातील लोकप्रिय मॅरेथॉनची माहिती दिली. तीत ज्येष्ठांसाठी चार-साडेचार किलोमीटरची वेगळी दौड होती. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट करून होकार दिला आणि बाबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात जानेवारीच्या पानावर लाल खूण केली.

नोंदणी सकाळी दहाला सुरू होणार होती. मी कार्यालयातून फॉर्म भरत होते. नाव, जन्मतारीख, रक्तगट, टी-शर्टचे माप, आपत्कालीन संपर्क, सगळे भरून झाले आणि ओटीपी गेला बाबांच्या फोनवर. फोन घरी चार्जिंगला लावलेला आणि बाबा मंडईत! आईने तो शोधून आकडे वाचून दाखवेपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला, तोवर पडद्यावर ओळ आली की या गटातील सर्व जागा भरल्या आहेत. दुसऱ्या वर्षी तिथे सोडत होती. त्यामुळे घाई नव्हती, ओटीपीचा गोंधळही नव्हता. तीन आठवड्यांनी दोन ओळींचा ईमेल आला. आपण दाखवलेल्या उत्साहाबद्दल आभार, या वेळी आपली निवड होऊ शकली नाही, पुढच्या वर्षी अवश्य प्रयत्न करा.

बाबांनी तो मेल दोनदा वाचला. “पुढच्या वर्षी मी चौऱ्याहत्तरचा,” एवढेच ते म्हणाले.

त्या वेळी मला ते वाक्य हट्टाचे वाटले होते. आज तसे वाटत नाही. तिशीतल्या माणसाला ‘पुढच्या वर्षी’ हा नुसता कालावधी असतो. सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाला त्याच दोन शब्दांत गुडघे, डोळे, रक्तदाब, जोडीदाराची तब्येत असे कितीतरी हिशेब ऐकू येतात. म्हणून, वाचकहो, “त्यात काय एवढं, पुढच्या वर्षी बघू” असे चटकन म्हणू नका. मी म्हटले होते. त्यानंतर दोन दिवस बाबा माझ्याशी कामापुरतेच बोलले.

हा नकार एकट्यादुकट्याच्या वाट्याला येत नाही, हे समजले तर त्याची धार थोडी बोथट होते. लंडन मॅरेथॉन १९८१ मध्ये सुरू झाली. तेव्हाच २० हजारांहून अधिक लोकांना धावायचे होते, प्रवेश मिळाला ७,७४७ जणांना. २०२५ च्या शर्यतीसाठी सोडतीत ८,४०,३१८ अर्ज आले. शर्यत पूर्ण केली सुमारे साडेछपन्न हजार धावपटूंनी, आणि त्यांतलेही पुष्कळ जण सोडतीतून आलेले नव्हते, धर्मादाय संस्थांसाठी निधी उभारून आले होते. २०२६ साठी अर्जांनी ११ लाखांचा आकडा ओलांडला. आपल्याकडे साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचे आणि परत उतरायचे, एकूण २१ किलोमीटर. चढ असा की तरुणांचेही पाय बोलू लागतात. तरी नोंदणीच्या दिवशी घराघरांत दोन-दोन मोबाइल घेऊन बसलेली माणसे दिसतात.

बॉस्टनची रीत निराळी आहे. तिथे वयोगटानुसार ठरवून दिलेल्या वेळेत आधी एखादी मॅरेथॉन पूर्ण केलेली असावी लागते. २०२६ साठी १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटे, तर ८० वर्षे व त्यावरील पुरुषांना ४ तास ५० मिनिटे आणि त्याच वयाच्या स्त्रियांना ५ तास २० मिनिटे अशी मर्यादा होती. वयाचा मान राखणारी ही पद्धत मला आवडते. पण तिथेही जागांपेक्षा अर्ज अधिक आले, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा किमान साडेचार मिनिटे लवकर धावलेल्यांनाच घेतले गेले. मर्यादा पाळूनही हजारो जण बाहेर राहिले.

जागा कमी का असतात, हेही बाबांना समजावून सांगावे लागले. रस्ते किती तास बंद ठेवता येतील हे पोलीस ठरवतात. पाण्याची टेबले, रुग्णवाहिका, वैद्यकीय पथके, आरंभरेषेजवळ एका वेळी उभी राहू शकणारी गर्दी, या सर्वांचा हिशेब करून आकडा ठरतो. ज्येष्ठांच्या दौडीत तर ही मर्यादा सैल करू नये, असेच कोणताही डॉक्टर सांगेल. सोडतीच्या यंत्राला आपली स्ट्रेस टेस्ट ठाऊक नसते. बाबांनी तो नकार स्वतःच्या हृदयाचा निकाल म्हणून वाचला होता. आम्ही ते ओळखायला उशीर केला.

उशीर झाला म्हणजे काय झाले, ते सांगते. धावण्याचे बूट माळ्यावर गेले. सकाळचे चालणे आधी एक दिवस चुकले, मग आठवडा. “कशासाठी जायचं?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. तीन आठवड्यांनी ते पर्वतीवर गेले, तेव्हा निम्म्या पायऱ्यांवर त्यांना कठड्याला टेकावे लागले. उपाशीपोटीची साखरही वाढली होती. यात गूढ असे काही नाही. नियमित व्यायामाने शरीर इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागते आणि व्यायाम थांबला की तो लाभ काही दिवसांतच ओसरू लागतो. दोन-तीन आठवड्यांत दमही कमी पडू लागतो. उतारवयात गमावलेला दम परत मिळवायला तरुणांपेक्षा जास्त दिवस लागतात. शर्यतीत जागा न मिळाल्याने प्रकृतीचे काहीच बिघडत नाही. जे बिघडले ते त्या रागाने चालणे सोडल्यामुळे.

याच दिवसांत आमच्यापुढे एक मोह आला. शेजारच्या काकांचे एक स्नेही पाठदुखीमुळे दौडीला जाणार नव्हते. छातीवर लावायचा त्यांचा क्रमांक, ज्याला धावणारे ‘बिब’ म्हणतात, तो बाबांना द्यायची त्यांची तयारी होती. “कोण बघतंय एवढ्या गर्दीत?” असे काका म्हणाले. खरे सांगायचे तर मी जवळजवळ हो म्हटले होते. बाबांचा चेहरा पुन्हा उजळलेला पाहावा, एवढेच मनात होते.

आमच्या डॉक्टरांनी ऐकले आणि मला समोर बसवले. बिब म्हणजे नुसता कागदाचा तुकडा नव्हे, त्या क्रमांकामागे एका माणसाची नोंद असते, असे त्यांनी सांगितले. वाटेत चक्कर येऊन बाबा पडले, तर वैद्यकीय पथक त्या क्रमांकावरून नाव, वय आणि आपत्कालीन संपर्क शोधणार. फोन वाजणार तो दुसऱ्याच घरी. बाबा रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि उपचार करणाऱ्याला ती गोळी पहिल्या मिनिटापासून माहीत असावी लागते. तिथे दुसऱ्याचीच माहिती हाताशी असेल, तर काय होईल? मी घरी येऊन काकांना नम्रपणे नकार कळवला. वाचकहो, असा क्रमांक कोणी प्रेमाने देऊ केला तरी घेऊ नका, आणि आपलाही कोणाला देऊ नका.

जन्मतारखेच्या कागदाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पंजाबात जन्मलेले आणि पुढे लंडनला स्थायिक झालेले फौजासिंग वयाच्या ८९ व्या वर्षी, २००० मध्ये, लंडन मॅरेथॉन धावले. २०११ मध्ये टोरंटोत पूर्ण मॅरेथॉन त्यांनी संपवली, तेव्हा त्यांच्या पासपोर्टनुसार ते शंभरीचे होते. पण त्या काळी खेड्यात जन्माचा दाखला कुठला मिळायला! तो नसल्यामुळे गिनीजने विक्रम नोंदवला नाही. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या आधारवरची, पॅनवरची आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख पुष्कळदा एकमेकींशी जुळत नाही. ज्येष्ठांच्या गटासाठी वयाचा पुरावा लागतोच, तेव्हा नोंदणीच्या आदल्या महिन्यातच ते तपासून घ्यावे. फॉर्ममधील नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागत असतील, तर त्याची छायाप्रत आधीच मोबाइलमध्ये ठेवावी. बिब घ्यायला पुष्कळ ठिकाणी स्वतः जावे लागते आणि रांग मोठी असते. तो फेरा दौडीच्या आदल्या दुपारवर ठेवू नये, नाहीतर पाय तिथेच दुखू लागतात. आणि ओटीपीचा फोन कोणाच्या हातात असेल, हे आदल्या रात्रीच ठरवावे. यावर हसू नका.

पुढे काय झाले? डॉक्टरांनी बाबांना एक साधा प्रश्न विचारला, “तुम्हाला त्या दौडीत नेमकं काय हवं होतं?” बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तारीख.” ते ऐकून मी चकित झाले. मला वाटत होते, त्यांना पदक हवे असेल, फोटो हवा असेल. त्यांना हवा होता कॅलेंडरवरचा एक दिवस, ज्याच्यासाठी पहाटे उठावे.

तारीख आपणही ठरवू शकतो, एवढे तेव्हा आमच्या लक्षात आले. फेब्रुवारीतला एक रविवार ठरला. डॉक्टरांनी मर्यादा घालून दिल्या. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की चालायचे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांसमोर अंधारी, यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबायचे आणि मला फोन करायचा. तहान लागेल तसे थोडे थोडे पाणी प्यायचे, भीतीपोटी लिटरभर नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. यातला तोल सांभाळण्याचा भाग आम्ही पूर्वी विसरलोच होतो. आता बाबा ओट्याचा आधार घेऊन एका पायावर उभे राहतात आणि आई सेकंद मोजते. ती मुद्दाम हळू मोजते, अशी त्यांची तक्रार आहे.

त्या रविवारी बाबा आणि त्यांच्या गटातील तिघे जण साडेचार किलोमीटर गेले, निम्मे चालत, निम्मे धावत. मी कोपऱ्यावर पाण्याचे तांबे आणि संत्र्याच्या फोडी घेऊन उभी होते. सगळे नीट पार पडले. घरी आल्यावर मी विचारले, “कसं वाटलं?”

“बरं वाटलं,” ते म्हणाले. मग बूट काढता काढता पुढे म्हणाले, “पण टाळ्या नव्हत्या.”

मी त्यावर काही बोलले नाही. घरच्या दौडीला मोठ्या दौडीची सर येते, असे भासवण्यात अर्थ नव्हता. हजारो अनोळखी माणसांबरोबर धावण्याची इच्छा खरी असते, आणि ती पुरी न झाल्याची खंतही खरीच असते. ती खंत घरात बोलून दाखवायला जागा मिळाली, तेव्हापासून तिचे ओझे चालण्यावर पडलेले नाही.

यंदा बाबांनी पुन्हा अर्ज केला आहे. फॉर्मच्या दिवशी साडेनऊपासून ते खुर्चीत फोन हातात घेऊन बसले होते, आणि मंडईत आईला पाठवले होते. सोडतीचा निकाल पुढच्या पंधरवड्यात आहे. काल त्यांनी कालनिर्णयात दोन रविवारांवर खुणा केल्या, एक जानेवारीत आणि एक फेब्रुवारीत. जानेवारीची खूण या वेळी त्यांनी पेन्सिलीने केली आहे.