नादारी आणि नादारीनंतर

'नादारी' हा शब्द आपल्यातील वडीलधाऱ्यांनी प्रथम ऐकला तो शाळेत. गरीब मुलाची फी माफ झाली की त्याला नादारी मिळाली असे म्हणत. कोर्टातील नादारीही तशीच माफी आहे, अर्ज दिला की कर्ज बुडाले, अशी समजूत आम्हांस कामगारवस्तीत वारंवार आढळते. ती फार महागात पडते, म्हणून हा विषय उलगडून सांगणे अगत्याचे आहे.

मुंबई शहरात १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा नादारीचा कायदा लागू आहे. २०१६ साली नवी संहिता झाली खरी, पण व्यक्तींपैकी कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरतीच ती डिसेंबर २०१९ पासून अमलात आली. सामान्य माणसास जुनेच कायदे पाहावे लागतात.

१९२० च्या कायद्यात दोन हुकूम आहेत. पहिला नादार ठरविण्याचा, दुसरा मुक्ततेचा. पहिल्या हुकमाने धनकोंचा ससेमिरा थांबतो. परंतु मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, मंगळसूत्र, प्रॉव्हिडंट फंड यांस जप्ती नाही, म्हणून ती वाचतात. अर्जाआधीच्या दोन वर्षांत घर फुकट मेहुण्याच्या नावे केले असेल, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो.

खरा जाच दोन हुकमांच्या मधल्या काळात. या काळात वडिलांचा वारसा मिळाला तरी तो धनकोंच्या वाट्याला जातो. आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी केली, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नगरपालिका, विधानसभा, लोकसभा यांची दारे बंद होतात.

दुसरा हुकूम आपोआप मिळत नाही. कोर्टाने दिलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो. न केल्यास नादारीच रद्द होऊन धनको पुन्हा दारात उभे राहतात. मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, किंवा कर्ज सट्ट्याने, जुगाराने वा उधळपट्टीने झाले असेल, तर कोर्ट बिनशर्त मुक्तता नाकारू शकते. आजारपणाने किंवा गिरणी बंद पडल्याने आलेली पडती निराळी. तिचे कागद जपून ठेवावेत. मुक्ततेनंतरही सरकारी देणे, फसवणुकीचे कर्ज आणि बायकोमुलांची पोटगी सुटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऋणको मुक्त झाला तरी जामीन मुक्त होत नाही. १८७२ च्या करार कायद्याने जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. पतपेढीच्या कागदावर शेजारच्या यंत्रावरील सोबत्याने सही केलेली असते. आणि १९६० च्या सहकारी कायद्यानुसार त्याने संमती दिली असेल, तर हप्ता त्याच्या पगारातून कापला जातो. एकाच्या नादारीने दुसऱ्याची चूल विझते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. नादारी ही लाजेची गोष्ट नव्हे. कायद्याने दिलेला तो आसरा आहे, आणि आसऱ्याला नियम असतात. अर्जापूर्वी जामीनदारास विश्वासात घ्यावे. हुकूम मिळताच मुक्ततेच्या अर्जाची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. त्या दुसऱ्या हुकमापर्यंत नादारी संपत नाही.