वाणातून गेलेली कीड : घायपाताच्या कुंड्या कशा सांभाळाव्यात



दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून घायपाताची पिल्लं दिली होती. प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा रोप बरं, एवढाच विचार होता. आमच्या गच्चीवर पिवळ्या काठाच्या घायपाताची जुनी कुंडी आहे आणि तिच्या बुडाशी दरवर्षी पिल्लं फुटतात. होळीच्या सुमारास एका वहिनींचा फोन आला, "अहो, तुमच्या रोपाच्या बेचक्यात कापूस कसला आलाय?" मी गच्चीवर जाऊन पाहिलं, तर माझ्याही कुंडीत तोच कापूस! चौकशी केल्यावर कळलं, की माझ्या हातून ही कीड सात घरांत पोहोचली होती.

तेव्हापासून जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, ते इथे लिहिते आहे. आपल्यातल्या बऱ्याच घरी ही कुंडी आहे आणि पिल्लांची देवाणघेवाणही चालू असते.

आपलं हे घायपात म्हणजेच केकताड. इथे इंदुरात हिंदीत त्याला रामबाँस म्हणतात, नर्सरीत अगेव म्हणून मागितलं तर लगेच मिळतं. मूळ मेक्सिकोकडचं हे झाड आपल्याकडे इतकं रुळलं, की शेताच्या बांधावर कुंपण म्हणून लागलं आणि त्याच्या पानांच्या वाखाचे दोर वळले गेले. आपला निशिगंधही याच घराण्यातला.

घायपात काटक असतं, पण फार सावकाश वाढतं. एक पान वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे किडीचा डागही तितकीच वर्षं दिसत राहतो. शिवाय ते आयुष्यात एकदाच फुलतं. मोठ्या जातीला दहा ते तीस वर्षं लागू शकतात. इतकी वर्षं सांभाळलेलं झाड फुलण्याआधीच गेलं, तर हळहळ वाटणारच. म्हणून कीड लवकर ओळखणं महत्त्वाचं.

पिठ्या ढेकूण

कुंडीत सर्वांत जास्त सापडणारी कीड हीच. दोन पानांच्या बेचक्यात, गाभ्याजवळ पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो. त्या कापसाखाली तांदळाच्या कणीएवढे मऊ किडे असतात आणि ते पानांतला रस शोषतात. त्यांच्या अंगातून चिकट गोड द्रव पाझरतो. त्यावर काळी बुरशी येते आणि मुंग्यांची रांग लागते. कुंडीवर अचानक मुंग्या चढू लागल्या, तर पानांच्या बुडाशी टॉर्च मारून पाहा. मुंग्या या गोडासाठी ढेकणांची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात.

यांचाच एक प्रकार मातीत मुळांवर राहतो. पानं मलूल, वाढ थांबलेली आणि वर काहीच दिसत नाही, अशा वेळी रोप कुंडीतून काढून बघा. मुळांना किंवा कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी पूड लागलेली दिसेल.

एक सावधगिरी मात्र ठेवा. पांढऱ्या झिरमिळ्यांचा, ढेकणापेक्षा मोठा आणि भराभर चालणारा किडा दिसला, तर त्याला मारू नका. ती बहुधा क्रिप्टोलेमस या परभक्षी भुंगेऱ्याची अळी असते. दिसायला अगदी ढेकणासारखी, पण खाते ढेकणांनाच! हा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात मुद्दाम आणला गेला.

खवले कीड

पानावर तपकिरी किंवा करड्या रंगाचे बारीक, चपटे ठिपके दिसतात. ते हलत नाहीत, म्हणून आपण त्यांना डाग समजतो. नखाने हलकेच खरवडून पाहा. ठिपका सुटून आला तर कीड, नाही तर डाग.

सोंड्या भुंगा

घायपाताचा हा सर्वांत मोठा शत्रू. मेक्सिकोत टकीलासाठी लावलेल्या घायपाताच्या शेतांत आणि निशिगंधाच्या वाफ्यांतही तो मोठं नुकसान करतो. शोभेच्या रोपांबरोबर तो मूळ प्रदेशाबाहेर अनेक देशांत पोहोचला आहे. रंगाने काळपट, साधारण एक ते दोन सेंटिमीटर लांब आणि पुढे खाली वाकलेली सोंड. कोकण-गोव्याकडच्या मंडळींना माडावरचा लाल सोंड्या आठवेल, हा त्याच्याच नात्यातला.

मादी खालच्या पानांच्या बुडाशी भोक पाडून अंडी घालते. त्या जखमेतून कुजवणारे जंतूही आत शिरतात. बिनपायाची, मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी आतला गड्डा पोखरते. बाहेरून पाहिलं तर झाड धडधाकट वाटतं आणि मग एक दिवस खालची पानं लोळतात, गाभा हलतो, कुजका वास येतो. या टप्प्यावर झाड वाचत नाही. परदेशातून आलेलं किंवा ऑनलाइन मागवलेलं मोठं झाड असेल, तर बुडाशी भोकं आहेत का, हे आवर्जून पाहा.

कीड नसलेली लक्षणं

उन्हाने भाजलेले कोरडे पांढुरके चट्टे, जास्त पाण्याने मऊ पडलेलं बूड, फुलून गेल्यावर वाळत जाणारं झाड, यांपैकी कशालाही औषध मारायची गरज नाही. पावसाळ्यात बूड मऊ पडलं, तर आधी कुंडीचं भोक बुजलंय का ते पाहा.

उपाय

हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा. काटे लागतातच, पण पानाच्या रसानेही अंगाला खाज सुटते. लहान मुलांना दूर ठेवा.

१. कीड दिसलेली कुंडी लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा.

२. किडे थोडे असतील, तर कानकोरणीचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेका ढेकणाला लावा. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे जवळ दिवा किंवा गॅस नको.

३. जास्त असतील, तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे काही थेंब नीट घुसळून संध्याकाळी फवारा. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस वाट पाहा. निळसर जातींच्या पानावरचा मेणाचा थर तेलाने जातो, तिथे स्पिरिटचा कापूसच बरा, तोही हलक्या हाताने.

४. कापसात अंडी असतात, म्हणून एकदा करून भागत नाही. दर आठ-दहा दिवसांनी, निदान तीनदा तरी करा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा.

५. मुळांवर कीड असेल, तर सगळी माती झाडून मुळं धुवा, खराब मुळं कापा, रोप सावलीत तीन-चार दिवस सुकवा आणि नव्या कोरड्या मातीत लावा. पाणी आठवड्याने घाला.

६. सोंड्याने पोखरलेलं झाड गड्ड्यासकट उपटून जाड पिशवीत घट्ट बांधून टाका. कंपोस्टमध्ये नको. आजूबाजूच्या मातीत अळ्या आणि कोष शोधा. त्या जागी लगेच दुसरं घायपात लावू नका.

गच्चीवरच्या चार कुंड्यांसाठी मातीत ओतायची जहाल कीटकनाशकं मी वापरत नाही. ती झाडात भिनतात आणि फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांनाही बाधतात.

पिल्लू देताना

माझी चूक इथेच झाली होती. पिल्लं काढली, त्याच मातीसकट छोट्या कुंड्यांत लावली आणि आठवड्यात वाटली. आता मी पिल्लाची सगळी माती काढते, मुळं धुऊन बेचकी तपासते, चार दिवस सुकवून नव्या मातीत लावते आणि दीड महिना वेगळं ठेवते. नर्सरीतून आणलेल्या रोपालाही हाच नियम. म्हणजे संक्रांतीला द्यायची पिल्लं नोव्हेंबरातच काढायला हवीत.

त्या सात घरांपैकी पाच रोपं वाचली, दोन गेली. वहिनींनी संकोच न करता फोन केला, म्हणून बाकीच्यांना वेळेत सांगता आलं. तेव्हा कोणी दिलेल्या रोपावर कीड दिसली, तर मनात न ठेवता देणाऱ्याला जरूर कळवा. त्यांच्या कुंडीतही ती असणारच.