कुजबुजीमागची कारागिरी

एलियट स्मिथ या अमेरिकी गायक-गीतकाराचा 'आयदर/ऑर' हा तिसरा अल्बम फेब्रुवारी १९९७मध्ये 'किल रॉक स्टार्स' या छोट्या कंपनीने काढला. नाव तत्त्वज्ञ कीर्केगार्डच्या ग्रंथावरून घेतलेलं. गाणी बारा, मिनिटं जेमतेम सदतीस. बरंचसं ध्वनिमुद्रण ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये, राहत्या घरांत झालं. वाद्यंही बहुतेक स्मिथनेच वाजवली.

या प्रकाराला 'लो-फाय' म्हणतात. टेपची खरखर, तारांवर बोट घसरल्याची कुरकुर, मध्येच घेतलेला श्वास, असं मोठ्या स्टुडिओत पुसलं जाणारं सगळं इथे राहू दिलं जातं. मुळात हे चणचणीतून आलं. स्मिथचा पहिला अल्बम 'रोमन कँडल' (१९९४) तर तळघरात, चार ट्रॅकच्या यंत्रावर झाला.

'आयदर/ऑर'चा साधेपणा मात्र निव्वळ गरिबीचा नाही. आवाजाचंच घ्या. स्मिथ मायक्रोफोनला जवळजवळ ओठ लावून, कुजबुजल्यासारखा गातो. मग तीच ओळ पुन्हा गाऊन पहिलीवर चढवतो. दोन्ही आवाज एकमेकांवर नेमके बसतात, तरी एखादं व्यंजन केसभर मागेपुढे पडतं. त्या फटीमुळे गाणारा कानाशी असूनही हाती लागत नाही. 'बिटवीन द बार्स'मध्ये दारूच पिणाऱ्याशी बोलते आहे, असा अर्थ अनेक जण लावतात. चाल मात्र अंगाईची, तीन-तीनच्या ठेक्यात झुलणारी. काळीज हलतं ते या विसंगतीने. गिटारच्या कॉर्ड्‌समध्ये बीटल्सचा संस्कार लपत नाही. आणि अल्बम सरसकट रडकाही नाही: 'क्युपिड्‌स ट्रिक'मध्ये इलेक्ट्रिक गिटार चांगलीच खवळते. स्मिथ 'हीटमायझर' या रॉक बँडमधून आलेला, हे तिथे कळतं.

दिग्दर्शक गस व्हॅन सँटने 'गुड विल हंटिंग' या चित्रपटात या अल्बममधली तीन गाणी घेतली. त्याच चित्रपटातल्या, पण या अल्बमबाहेरच्या, स्मिथच्या 'मिस मिझरी'ला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि मार्च १९९८च्या सोहळ्यात पांढऱ्या सुटातल्या स्मिथने ते गायलं. पुरस्कार अर्थातच 'टायटॅनिक'च्या गाण्याने नेला.

२००३मध्ये, चौतिसाव्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. तेव्हापासून या गाण्यांत त्या मृत्यूच्या खुणा शोधायची खोडच लागली आहे. हे ऐकणं आळशी आहे. त्यात कारागिरी निसटते. नव्या श्रोत्याने शेवटच्या 'से येस'पासून सुरुवात करावी. सव्वादोन मिनिटांचं हे गाणं एका गिटारवर आणि दुहेरी आवाजावर उभं आहे, आणि चक्क आशेकडे झुकणारं आहे.